सातवी पास

ता. ४ जून

ताई,

नमस्कार. माझं पत्र बघून तुला आधी वाटेल की याने ही पण नोकरी सोडली. नाही सोडली. चार वर्षांत सहा ठिकाणं झाली हे तू लक्षात ठेवलंयस, मला माहीत आहे. पण इथे सव्वा वर्ष झालं आणि अजून पाय शिवशिवले नाहीत. कारण बॉयलर.

कापड रंगवायचा कारखाना आहे आणि इथे सगळं वाफेवर चालतं. वाफ तयार होते मागच्या अंगाला, पत्र्याच्या उंच शेडमध्ये. तिथे मिस्त्री, मी आणि कोळसा ओढणारे दोघं. मिस्त्री तीस वर्षं या एकाच बॉयलरपाशी आहेत. सळईचं एक टोक लोखंडाला लावतात, दुसरं कानाला, आणि आत काय चाललंय ते सांगतात. मागच्या महिन्यात म्हणाले, "डावीकडच्या नळ्यांत खवले धरलेत." थंड करून उघडलं तर खरंच, आतून बोटभर पांढरा थर. मी विचारलं, हे बाहेरून कसं कळलं? तर म्हणे, "तुझी काकू आत भांडी कशी ठेवते त्यावरून मला कळतं ना, आज जेवायला मिळणार की नाही? तसंच."

आता मुद्दा. शेडच्या भिंतीवर चौकटीत एक परवाना टांगलेला आहे, बॉयलर चालवायचा. ज्याच्या नावाचा आहे तो माणूस सहा वर्षांपूर्वी वारला. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. या वेळी नवे तपासणी साहेब आले, म्हणाले, हे गृहस्थ कुठे आहेत? मॅनेजर म्हणाले, रजेवर. एका कोळसेवाल्याला हसू आवरेना आणि तिथेच बिंग फुटलं. डिसेंबरपर्यंत परवानेवाला जिवंत माणूस दाखवा, नाहीतर बॉयलरला सील. परीक्षा नोव्हेंबरात आहे. तिला बसायला सातवी पासचा दाखला लागतो.

मी सहावीतून पळालो, गणिताच्या पेपरच्या दिवशी, खिडकीतून. त्याच शाळेत आज तू शिकवतेस आणि दाखल्यांचं रजिस्टर तुझ्याच कपाटात असतं असं तूच मागे लिहिलं होतंस. ताई, एका वर्गाचा तर फरक. मला हे काम येतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येतं.

तुझा
भिंगरी


ता. १९ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गात एका मुलीला शेजारणीच्या वहीत डोकावली म्हणून उभं केलं होतं. मधल्या सुट्टीत पत्र वाचलं आणि परत जाऊन तिला बसवलं. तिला कळलंच नाही का ते.

तुला दोन उत्तरं लिहिली आणि फाडली. दोन्हींत नाही म्हटलं होतं. मग आठवलं, बाबा गेले तेव्हा मी ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात होते आणि तू काकांच्या घरी, दाराशेजारच्या खाटेवर. शिक्षण अर्धवट सोडून मी घरी यावं असं सगळे म्हणाले आणि मी आले नाही. तू पळालास तेव्हा मी बालमानसशास्त्राचा पेपर लिहीत होते. चांगले मार्क पडले मला.

दाखला सोबत आहे. रजिस्टरमध्ये नोंद मी माझ्या हाताने केली, सही मुख्याध्यापिकांच्या गठ्ठ्यात सरकवून घेतली. त्या माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सह्या करतात.

आता माझी अट. हा दाखला आज खोटा आहे, नोव्हेंबरपर्यंत तो खरा करायचा. दर आठवड्याला धडा पाठवीन, सातवीचं गणित, विज्ञान आणि निबंधसुद्धा. तंत्रशाळेच्या ग्रंथालयातून बॉयलरचं पुस्तक आणलंय, त्यातली प्रश्नोत्तरंही उतरवून पाठवते. सोडवून परत पाठवायचं. खिडकी मी बंद केली आहे असं समज.

ताई


ता. २ ऑगस्ट

ताई,

पाचवा धडा सोडवून सोबत पाठवतोय. टक्केवारी जमली. निबंध 'माझा आवडता प्राणी' यावर लिहिला नाही, बॉयलरवर लिहिला. तोही खातो, पितो, धापा टाकतो, त्यामुळे मार्क कापू नकोस.

एक गंमत. धडे मी शेडमध्येच मोठ्याने वाचतो, नाहीतर आवाजात मलाच ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात मिस्त्री पाठ करून बसले होते. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "तुझ्या ताईला विचार, पुस्तकातला बॉयलर कधी शिंकतो का?" तिसऱ्या आठवड्यात तू लिहिलं होतंस की पाण्याचं तापमान वाढलं की दाब वाढतो आणि दाब वाढला की उकळायचा अंश पण वर जातो. ते ऐकून खाली बसले. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. म्हणाले, "तीस वर्षं हे हाताला माहीत होतं. कोणी शब्दात सांगितलं नव्हतं." आता दर सोमवारी विचारतात, बाईंचं आलं का?

मला ते त्यांच्या पद्धतीने शिकवतात. डोळ्यांवर फडकं बांधतात आणि विचारतात, पंप कुठल्या बाजूला आहे, पाणी किती आहे. चुकलो की टपली. तुझ्याकडे लाल शाई, त्यांच्याकडे टपली. दोघांत मी पिचतोय, पण पळालो नाही बघ.

त्यांचा प्रश्न लिहून घे: नळीच्या आत खवले धरले तर नळी जळते का, आणि किती दिवसांत? त्यांना उत्तर माहीत आहे, पण पुस्तकाला माहीत आहे का ते बघायचंय.

आणि ताई, आता खरं काम. परीक्षेला त्यांनीच बसायला हवं. बॉयलर त्यांचा आहे, मी तर त्यांचं बोट धरून चालतोय. सही करायला मी शिकवली, आता अक्षरं ओळखतात, परीक्षा तोंडी असते. फक्त दाखला नाही. ते शाळेची पायरीसुद्धा चढलेले नाहीत. तू माझा केलास तसा आणखी एक करशील का? त्यांना मी अजून विचारलेलं नाही. तू हो म्हटलंस की सांगीन.

भिंगरी


ता. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

निबंधाला दहापैकी आठ. दोन मार्क हट्टीपणाचे कापले.

मिस्त्रींना सांग, पुस्तकाला माहीत आहे. खवल्यांमुळे पाणी नळीच्या धातूपर्यंत पोचत नाही, धातू तापून मऊ होतो आणि दाबाने फाटतो. किती दिवसांत ते पुस्तक सांगत नाही. ते त्यांनीच मला सांगावं, मी पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवीन. त्यांचे प्रश्न मी आमच्या सातवीच्या वर्गालाही घालते. मुलं त्यांना 'बॉयलरचे आजोबा' म्हणतात.

दुसरा दाखला मी देणार नाही. तुझा दिला तो बहीण म्हणून, आणि त्याची शिक्षा झाली तर मी भोगीन. त्यांचा दिला तर मी दाखले वाटणारी बाई होईन. उद्या तिसरा येईल, चौथा येईल. त्यांना न विचारता मला आधी विचारलंस ते बरं केलंस. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

आणि अरे, तीस वर्षं राबलेल्या माणसाला कारखाना काढून थोडाच टाकतो? परवाना तुझ्या नावाचा असला तरी काम तेच सांगणार आणि तू ऐकणार. काय बिघडलं?

ताई


ता. ६ डिसेंबर

ताई,

पास झालो!

तिघं साहेब समोर होते. सेफ्टी व्हॉल्व्हचं विचारलं, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचं विचारलं, मी तुझी उत्तरं घडाघडा म्हटली. शेवटी एकाने विचारलं, काच अर्धी भरलेली दिसते पण बॉयलरमध्ये पाणी नाही, असं होईल का? हे पुस्तकात नव्हतं. मिस्त्रींनी दाखवलं होतं. सांगितलं. साहेब एकमेकांकडे बघायला लागले.

मेलेल्या माणसाचा परवाना काढून आता माझा टांगलाय, फोटोसकट. मिस्त्रींनी चहा मागवला सगळ्यांना. काकूंनी घरी बोलावून जेवू घातलं. कारखान्याच्या आवारातच त्यांची खोली आहे, दोघंच असतात. काकू म्हणाल्या, "यांनी इतकी पोरं शिकवली, तू पहिलाच की जो टिकला."

मला आता खुर्ची आहे, टेबल आहे, नोंदवही आहे. दर तासाला दाब आणि पाणी लिहायचं, खाली सही. कामाची थोडी नवी वाटणी झाली आहे. मिस्त्रींचंही चाललंय. धडे आता थांबव, तुझाही वेळ जातो.

भिंगरी


ता. १७ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी वर्गात पेढे नाही, पण अर्धा दिवस गोष्टी वाटल्या. त्या मुलीलाही सांगितलं, शेजारणीच्या वहीत बघणाऱ्या. काय सांगितलं ते मात्र मला नीट आठवत नाही.

धडे थांबवायला सांगितलंस ते आवडलं नाही. आठवी आहे, नववी आहे. आणि मिस्त्रींचा प्रश्न आला नाही या वेळी. 'त्यांचंही चाललंय' म्हणजे काय? तू लहानपणी काचेचं भांडं फोडलंस की असंच 'सगळं ठीक आहे' म्हणत घरात यायचास. नीट लिही.

ताई


ता. १० जानेवारी

ताई,

काम फार आहे म्हणून थोडक्यात. मोठी ऑर्डर आलीय, बॉयलर थांबत नाही. महिन्यातून एकदा तो थंड करून आतून साफ करायचा असतो, ते या वेळी जरा पुढे ढकललंय. वहीत सगळं व्यवस्थित आहे.

मिस्त्री बरे आहेत. भट्टीच्या दाराशी असतात, कोळसा मारतात, राख ओढतात. थंडीचे दिवस आहेत, तिथे ऊब असते.

भिंगरी


ता. ५ फेब्रुवारी

ताई,

मिस्त्री गेले. परवा, सकाळी अकराच्या सुमारास.

तुझ्यापासून जे लपवलं ते सगळं लिहितो. पास झालो त्या आठवड्यातच मॅनेजरनी त्यांना बोलावलं. परवानेवाला एक पुरे, म्हणाले, मिस्त्री कशाला दोन? राहायचं असेल तर भट्टीवर राहा. त्यांनी फावडं उचललं. मला म्हणाले, "तू वर बस, मी खाली आहे. बॉयलर तोच आहे ना?" आणि मी वर बसलो.

डिसेंबरातच मॅनेजरनी माझा दाखला उजेडात धरून पाहिला. म्हणाले, दहा वर्षांपूर्वीची नोंद आणि शाई इतकी ताजी? बहीण कुठल्या शाळेत आहे म्हणालास? ते हसले, म्हणाले, माझं काय जातंय, तू फक्त सह्या वेळेवर करत जा.

जानेवारीत साफसफाईचा रविवार आला. मिस्त्रींनी सळई लावून ऐकलं आणि सांगितलं, खवले धरलेत, आग काढा. पूर्वी ते स्वतःच आग ओढून बाहेर काढायचे आणि मॅनेजर कितीही ओरडले तरी शेवटी मान्य करायचे, कारण दुसरं कोणी बॉयलर पेटवू शकत नव्हतं. या वेळी त्यांनी आग ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि मॅनेजर म्हणाले, "कोणाच्या सहीने आग काढतोस? परवाना कोणाचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्री पण. ताई, तोंडी परीक्षेत मला जे विचारलं नाही ते इथे विचारत होते. मी म्हटलं, चालू राहू दे. त्या रविवारी मी वहीत लिहिलं, बॉयलर थंड करून आतून साफ केला. सही केली.

त्यानंतर मिस्त्री माझ्याशी कामापुरतंच बोलले. "पाणी बघ." "काटा बघ." टपली नाही, थट्टा नाही.

परवा नळी फाटली. वाफ आणि उकळतं पाणी भट्टीच्या दारातून बाहेर आलं आणि दाराशी ते होते. मी वाफेची वाट बंद केली, आग मारली, सगळं पुस्तकाप्रमाणे, काही चुकलं नाही. दवाखान्यात ते चार तास होते. शुद्धीवर होते. मला बोलावलं नाही.

आता चौकशी आहे. तपासणी साहेब महिनाअखेरीस येऊन माझा जबाब घेणार. मॅनेजरनी जबाब लिहून ठेवलाय: अशिक्षित कामगाराने न विचारता पंप बंद केला, पाणी कमी पडून नळी फाटली. तो दिला तर मी सुटतो, कारखाना सुटतो. दोष मिस्त्रींचा ठरला तर काकूंची खोली जाणार. आणि खरं सांगितलं तर मॅनेजर पहिलं काम तुझ्या शाळेला पत्र लिहायचं करतील. तुझी नोकरी जाईल, कदाचित खटला होईल.

तू सांगशील तेच करीन. लवकर लिही. मला हे ठरवता येत नाही.

भिंगरी


ता. १७ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र तेराला मिळालं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आधी करायचं होतं आणि मग लिहायचं होतं.

खरं सांग. सगळं, सहीसकट.

आज सकाळी मी मुख्याध्यापिकांसमोर रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली आणि लेखी दिलं. त्या रडल्या, मी नाही रडले. शिक्षणाधिकाऱ्यांकडे कागद गेला, आजपासून मी निलंबित आहे. किल्ल्या दिल्या. मुलांना सांगितलं, बाई आजारी आहेत. शेवटचं वाक्यही खोटंच बोलले बघ. तेव्हा आता मॅनेजरकडे तुझ्याविरुद्ध काही उरलेलं नाही. माझं ओझं तुझ्या मानेवर नाही.

तुला एक लिहायचंय. ऑगस्टमध्ये मी म्हटलं होतं, काय बिघडलं? मी त्यांचा दाखला केला असता तर त्या रविवारी आग काढायचा हक्क त्यांच्याकडे असता. एक खोटं मी केलं आणि दुसरं करायला नको म्हणून स्वच्छ राहिले. कुठे थांबायचं ते मी माझ्या सोयीने ठरवलं. हे मला कोणीच शिकवलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय.

घाबरू नकोस. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे, हे पत्र तोवर पोचेल.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ताई,

तपासणी साहेब आजच आले. कोणाला न कळवता. तुझं पत्र आलं नव्हतं.

मी सकाळी फाटकावर पोस्टमनला विचारलं, नाही म्हणाला. साहेबांनी खुर्ची दिली, मॅनेजर बाजूला बसले. मी समजलो की तू लिहीत नाहीस म्हणजे तुला लिहिता येत नाही. कोणती बहीण भावाला लिहील की खोटं बोल आणि मला वाचव? म्हणून गप्प राहिलीस. तेवढं मला कळतं असं मला वाटलं.

मॅनेजरचा जबाब मी पाठ केला होता, तुझ्या उत्तरांसारखा. घडाघडा म्हटला. साहेबांनी विचारलं, मृताला लिहितावाचता येत होतं का? मी म्हटलं, नाही.

तू आता निश्चिंत राहा. शाळेत जात राहा.

भिंगरी


ता. २१ मार्च

ताई,

तुझं पत्र मला गेल्या महिन्यात सव्वीस तारखेला मिळालं. तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. तुझी दोन पत्रं नंतरही आली, ती उघडली नाहीत. आज लिहितो.

सत्तावीसला बस धरून मी तपासणी कार्यालयात गेलो. नवा जबाब स्वतः लिहून नेला होता, दोन पानं. कारकुनाने वाचला, आत नेला, बाहेर आला. म्हणाला, "तुमच्या दाखल्याबद्दल शिक्षण खात्याचं पत्र कालच आलंय. परवाना रद्द होतोय. आता मला सांगा, दाखला खोटा, पहिला जबाब तुमच्याच म्हणण्याप्रमाणे खोटा, आणि हा तेवढा खरा?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "ठेवून जा." पोच मागितली तर म्हणाला, कशाची? तू मला सोडवायला जे केलंस, त्याच्यामुळेच माझ्या शब्दाला आता किंमत नाही. हे तुला टोचायला लिहीत नाही. असं झालं, एवढंच.

कारखान्याने काढलं. दुसरा परवानेवाला आणलाय, बारावी झालेला. त्याला मी फाटकापाशी गाठून सांगितलं, नळ्यांकडे लक्ष ठेव. तो म्हणाला, तुम्ही कोण?

आज दुपारी काकूंनी निरोप धाडला. अहवालाची प्रत आली होती आणि त्याला जोडून खोली रिकामी करायची नोटीस. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "तुला येतं. वाच."

अर्धं सामान बांधलेलं होतं. मी खाली बसलो आणि वाचायला लागलो. काही गाळून वाचता आलं असतं, त्यांना कळलं नसतं. मी गाळलं नाही. 'परवानाधारक चालकाच्या जबाबानुसार, मृत कामगार अशिक्षित असून त्याने विनापरवानगी पंप बंद केला.' काकूंनी हात वर केला. म्हणाल्या, "थांब. हे परत वाच." परत वाचलं.

"परवानाधारक चालक म्हणजे कोण?"

"मी, काकू."

त्या ओरडल्या नाहीत. भांडी गुंडाळत होत्या, तेवढी संपवली. मग विचारलं, "यांनी पंप बंद केला होता?"

"नाही."

"मग काय झालं होतं?"

मी सगळं सांगितलं. रविवारची सही, मॅनेजर, तू, दाखला. ऑगस्टमध्ये मी त्यांच्यासाठी तुझ्याकडे काय मागितलं आणि तू काय म्हणालीस, ते पण. काकू म्हणाल्या, "आम्हाला विचारायचं तरी होतं. ते नाहीच म्हणाले असते. पण विचारायचं होतं."

मग म्हणाल्या, "कागद आहे?"

होता.

"मी सांगते तसं लिही. तुझं एक अक्षर घालू नकोस. मी अंगठा देईन आणि स्वतः नेऊन देईन साहेबाला. घेत नाही म्हणाला तर दारात बसेन."

मी मांडीवर पाट घेतला आणि त्या सांगू लागल्या, उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत. माझा नवरा तीस वर्षं त्या कारखान्यात होता. त्याने कधी न विचारता काही बंद केलं नाही, आणि जे बंद करायला सांगितलं ते कोणी केलं नाही. त्याने हाताला धरून शिकवलेल्या माणसाने खोटं लिहिलं आणि खोटं सांगितलं.

मी थांबलो. विचारलं, "काकू, इथे नुसतं 'माणसाने' ठेवू, की नाव घालू?"

"नाव घाल. पूर्ण. बापाच्या नावासकट."

घातलं.

तुझा भाऊ